तीन बोटं

तंजावूरहून पट्टुकोट्टैच्या रस्त्याला लागलं की वाटेत ओरत्तनाडु येतं. सरफोजी राजांनी इथे यात्रेकरूंसाठी मुक्तांबाळच्या नावाने छत्र बांधलं. मराठी माणूस सहसा तेच बघायला येतो. मी मात्र आलो होतो माझ्या जुन्या कंपनी हवालदार मेजरला भेटायला. निवृत्तीनंतर तो इथे कालव्याच्या पाण्यावर भात पिकवतो. त्याच्या जबड्याचं ऑपरेशन झाल्याचं कळलं होतं.

दारात त्याने कडक सॅल्यूट ठोकला. बोलणं मात्र निम्मंच कळत होतं.

पलटणीत हा पाच किलोमीटरच्या दौडीत विशीतल्या पोरांना मागे टाकायचा. खिशात पान, सुपारी, तंबाखू कायम. शेवटच्या वर्षी त्याला तिखट सोसेना. बडाखान्यात मी थट्टा केली होती, "तमिळ माणूस आणि सांबाराला घाबरतो?" गालाच्या आत पांढरा चट्टा होता, हे त्याने कुणालाच सांगितलं नाही.

"दुखत नव्हतं, साब. दौडत तर होतो. मेडिकल कॅटेगरी गेली असती, तर नायब सुभेदारी गेली असती."

बढती तशीही मिळाली नाही.

आम्हा फौजींचं धोक्याचं गणित असंच. गोळीचा आवाज आला की आडोसा घ्यायचा. तोंडाचा कर्करोग सुरुवातीला अनेकदा दुखतसुद्धा नाही. 2015 मध्ये आर. आर. आबा गेले, तेव्हा आमच्या मराठी जवानांनी तंबाखूच्या पुड्या फेकल्या. पंधरा दिवसांत त्या परत खिशात आल्या. काही जण नुसत्या सुपारीवर आले. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने तंबाखूविना सुपारीलाही कर्करोगकारक ठरवलं आहे.

निघताना त्याने स्वतःच्या तोंडात बोट घालून दाखवलं. एकच गेलं. "डॉक्टर म्हणाले, उभी तीन बोटं जायला हवीत. साब, तुम्ही बघा."

गाडीत बसल्यावर मी बघितलं. तिसरं बोट अडकत होतं. खडकवासल्याला कॅडेट असताना लागलेली सुपारी चाळिशीतही सुटलेली नाही.

परतल्यावर आधी आरएमओला माझं तोंड दाखवलं. मग रोलकॉलला सगळ्यांना तीन बोटांची गोष्ट सांगितली. रांग सुटल्यावर एक लान्स नायक मागे थांबला.

"साब, कॅटेगरी जाईल?"

"जाऊ शकते," मी म्हणालो. "माझीही जाऊ शकते. उद्या सकाळी एमआय रूमला ये, मीही तिथेच आहे."