मिठाचा चहा

मे महिन्यात, पारा ४५ला टेकलेला असताना, लोणी घातलेला खारट चहा प्यायला कोणी गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात जातं का? मी गेलो. गोठणगावजवळ, इटियाडोह धरणाच्या अंगाला, नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे. १९७२ साली ती वसली तेव्हा हा सगळा भंडारा जिल्हा होता. आसपासचे लोक नुसतं ‘कॅम्प’ म्हणतात.

तिथल्या एका घरातल्या म्हातारीला सून ‘अमा-ला’ म्हणत होती. ‘ला’ म्हणजे आपला ‘जी’. मला आधी ‘आम्हाला’ असंच ऐकू आलं, आणि पुढे काय हवंय म्हणून मी उगाच कान देऊन बसलो.

वाटी आली ती थाटात. चिनी मातीची, पांढरी, बिनकानाची. खाली कमळाच्या पाकळ्या ठोकून काढलेली चांदीची बैठक, वर चांदीचंच टोपीसारखं झाकण, त्याच्या शेंड्याला पोवळं. माझी नजर मात्र किटलीवर. तांब्याची, पोटावर पितळी पट्टे, आणि चहा पडतो तो मकराच्या जबड्यातून. आपल्या मकरतोरणावरचाच मकर, इथे चहाच्या कामाला लागलेला. डाव्या कुशीला अंगठा बसेल एवढा पोचा.

“पडली होती का?”

“घोडा पडला होता,” अमा-ला म्हणाल्या. पुढे काही नाही.

चीनमधून तिबेटात चहा चढला तोही घोड्यांपायीच. सिचुआनच्या चहाच्या विटा वर जायच्या, डोंगरी घोडी खाली यायची. सोंग राजवटीने १०७४मध्ये या देवाणघेवाणीसाठी सरकारी कचेरीच उघडली. ती वीट फोडायची, खूप वेळ उकळायची, मग लाकडी नळकांड्यात लोणी-मीठ घालून घुसळायची.

मीठ हे तिबेटचंच खूळ, असं मला वाटायचं. पण चीनमध्ये शीआनजवळच्या फामेन देवळाखालचं, ८७४ साली बंद केलेलं तळघर १९८७मध्ये उघडलं. आत तांग बादशहाचा चहाचा सरंजाम होता, बहुतेक चांदीचा, सोन्याचा मुलामा दिलेला: वैद्याच्या खलासारखं चहा दळायचं पात्र, चाळणी, तारेची विणलेली टोपली. आणि मीठ ठेवायचं पात्र! त्याच्या शंभरेक वर्षं आधी चहावर ग्रंथ लिहिणाऱ्या लू यूलाही मीठ चालायचं. चांदीचं भांडं स्वच्छ खरं, पण उधळेपणाचं, असं त्याचं मत. आलं, पुदिना घालून उकळलेल्या चहाला मात्र त्याने गटारात ओतायचं पाणी म्हटलंय. गोंदिया स्टेशनबाहेर त्याची काही खैर नव्हती.

किटली तांब्याची, म्हणजे कल्हई आली. मागच्या कल्हईच्या वेळी अमा-लांना भंडाऱ्याकडचा एक कल्हईवाला सापडला. पितळेच्या भांड्यांच्या गावचा माणूस, पण किटलीचं तोंड अरुंद, हात आत जाईना. मग त्याने ती भट्टीवर तापवली, नवसागर टाकला, पांढरा धूर निघाला. कथलाचा तुकडा आत वितळवून तो चिमट्याने किटली कितीतरी वेळ कलती करत, फिरवत राहिला. आतून चांदण्यासारखी उजळली. खुशीत येऊन म्हणाला, “पोचाही काढून देतो, फुकट.”

“तेव्हा मी त्याच्या हातातून ओढूनच घेतली,” अमा-ला म्हणाल्या.

मी एक घोट घेतला. चहा म्हणून प्यायलं तर फसगत, सार म्हणून प्यायलं तर झकास. वाटी खाली ठेवतो न ठेवतो, तोच मकर पुन्हा वाकला.