बांधीतला सारस

रोवणी आटोपली की गोंदिया जिल्ह्यातल्या धानाच्या बांध्या बघता बघता हिरव्या होतात. बोड्या, म्हणजे छोटी तळी, काठोकाठ भरलेल्या, मामा (माजी मालगुजारी) तलावांवर दिवसभर आभाळ उतरलेलं. वैनगंगा आणि बाघ नद्यांच्या काठच्या गावांत अशा वेळी लांबून तुतारी फुंकल्यासारखी साद येते. एकाने साद घातली की दुसरा त्याच दमात ती उचलतो. सारसाची जोडी. महाराष्ट्रातले सारस आता मुख्यतः याच भागात उरलेत, आणि तेही मोजकेच.

इथल्या शाळांतून मुलांना सारस काढायला सांगितला की पहिल्या खेपेला बहुतेकांचा बगळाच होतो. मग सर त्यांना बांधावर नेतात. लांबूनच, कुणी बोलायचं नाही. पाहून आलेल्या मुलाची पेन्सिल वेगळी चालते. अंग राखाडी, डोकं आणि मानेचा वरचा भाग लालभडक, माथा तेवढा राखाडी. उंचीसाठी वर्गाच्या भिंतीवर खडूने जवळजवळ सहा फुटांवर रेघ मारली, की पोरं माना वर करून बघत राहतात. उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सगळ्यात उंच पक्षी आपल्या धानात उतरतो, हे त्यांना त्या रेघेने कळतं.

एका मुलीने काढलेलं घरटं माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. पाण्यात गवताकाड्यांचा ढीग, त्यावर दोन अंडी, भोवती धान. कोपऱ्यात विळा हातात घेतलेला बाप, पण पाठमोरा, घरट्याकडून परत निघालेला. सारसाचा सगळा प्रश्न त्या कोपऱ्यात आहे. घरट्यासाठी तो धान उपटतो, तुडवतो. शेतकऱ्याचं नुकसान खरं असतं आणि त्याचा रागही खरा असतो. विजेच्या तारा, फवारणीची औषधं, तलाव गिळत चाललेली बेशरमाची झुडपं, हे तर आहेच. पण अंडी राहणार की जाणार, हे बांधीच्या मालकावर ठरतं, आणि त्याच्याशी घरात बोलू शकतं ते त्याचं पोर.

मुलांच्या कवितेचंही चित्रासारखंच, तीही पक्षी पाहूनच येते. मारलेल्या क्रौंचाच्या शोकातून वाल्मीकींचा पहिला श्लोक आला, अशी आपली परंपरा सांगते. तो क्रौंच म्हणजे सारसच, असं मानणारे अभ्यासक आहेत. इथली मुलं झाडीबोलीत, पोवारीत लिहितात. यमक अडखळतं, पण पिल्लू कुठल्या बांधीतून कुठल्या बोडीकडे गेलं, ते त्यात अचूक असतं. मला ही नोंद फार मोलाची वाटते, कारण भाषणं ऐकून कुणी पक्ष्याच्या मागे इतकं लक्ष ठेवत नाही.

सारसाची अंडी उबायला महिनाभर लागतो. शेतकरी दादांनो, तेवढे दिवस घरट्याभोवतीचा धान उभा ठेवा. आणि पोर चित्र घेऊन घरी आलं, तर हातातलं काम बाजूला ठेवून ते नीट बघा.