पैसे काढून घेतल्यावर उरतो तो खेळ

२०२५ च्या बकरी ईदला आपा आणि भाचा आमच्याकडे आले होते. दुपारी दस्तरखान उचललं, मोठी माणसं आडवी झाली आणि भाचा हळूच माझ्याजवळ येऊन बसला. तेवीस वर्षांचा पोरगा, पुण्यात नोकरीला. म्हणाला, "मामू, तुम्हाला पत्ते येतात ना? मला नीट शिकायचेत. सुरुवात कशानं करू? रमीनं की तीनपत्तीनं?"

आमच्या घरात हा प्रश्न मोठ्यानं विचारायची सोय कधीच नव्हती. मी सातवीत असताना माझ्या दप्तरात मित्राचा पत्त्यांचा कॅट सापडला होता. अब्बांनी तो चुलीत घातला आणि एकच वाक्य बोलले, "जुगार या घरात येणार नाही." पुढे काही विचारायची माझी हिंमत नव्हती. तीन वर्षांनी गणपतीच्या जागरणाला, मंडळाच्या मांडवामागे, वर्गमित्रांनी मला मेंढीकोट शिकवला. घरी सांगितलं, अभ्यासाला गेलो होतो. पत्ते आणि खोटं बोलणं, दोन्ही मी एकाच रात्री शिकलो.

आता माझ्या कपाटात एक कॅट असतो, पुस्तकांच्या मागे. तो काढला आणि भाच्याला समोर बसवलं.

त्याला सांगितलं, नवख्यानं सुरुवात बदाम सातनं करावी. बदामाची सत्ती पडली की डाव सुरू होतो. प्रत्येक रंगात सत्तीच्या वर अठ्ठी, खाली छक्की, असं लावत जायचं. लहान पोरंही दहा मिनिटांत शिकतात. पण कुठला पत्ता अडवून ठेवायचा आणि कुठला सोडायचा, हे कळायला लागलं की यातही डोकं लागतं.

मग पाच-तीन-दोन. तीन माणसं, तीस पत्ते: एक्क्यापासून अठ्ठीपर्यंत सगळे आणि दोन सत्त्या. प्रत्येकाला दहा. एकानं पाच हात करायचे, एकानं तीन, वाटणाऱ्यानं दोन. पाचवाला पहिले पाच पत्ते बघून हुकूम बोलतो. ज्याचे हात कमी पडतात, त्याच्या हातातला पत्ता पुढच्या डावात समोरचा न बघता ओढतो. हुकूम म्हणजे काय, उतारी कशी करायची, हे इथं पक्कं होतं.

त्यानंतर मेंढीकोट. चौघं, समोरासमोर जोड्या, प्रत्येकी तेरा पत्ते. दहिल्या म्हणजे मेंढ्या. तीन मेंढ्या आणल्या की डाव तुमचा, चारही आणल्या की कोट. उतारीचा रंग ज्याच्याकडे नसतो तो दुसरा पत्ता टाकतो आणि तोच रंग हुकूम होतो. दहिली एकटी दुबळी असते, तिच्यावर गुलाम, राणी, राजा, एक्का असे चार पत्ते बसलेले. म्हणून जोडीदाराचा एक्का पडला की ती त्याच्याखाली सोडायची. जोडीदाराशी बोलायचं नाही, पण तो काय करतोय याकडे सतत लक्ष ठेवायचं.

"आणि रमी?" भाच्यानं विचारलं.

रमी चौथ्या पायरीवर. तेरा पत्ते, निदान दोन सिक्वेन्स, त्यातला एक जोकरशिवाय. कुणी काय उचललं, काय टाकलं हे लक्षात ठेवावं लागतं. वहीत पॉइंट लिहून खेळावी.

"सुप्रीम कोर्टानंच सांगितलंय, रमी कौशल्याचा खेळ आहे," तो म्हणाला. पोरगा तयारीनं आला होता. हे खरं आहे. १९६७ च्या एका निकालात न्यायालयानं रमी मुख्यतः कौशल्याचा खेळ मानली आणि तीन पत्त्यांचा खेळ निव्वळ नशिबाचा. पण क्लब त्यातून नफा काढत असेल तर गोष्ट वेगळी ठरू शकते, हेही त्याच निकालात आहे. ते वाक्य जाहिरातीत कुणी छापत नाही.

तीनपत्तीचं गणित त्याला कागदावर करून दाखवलं. बावन्न पत्त्यांतून तिघांचे २२,१०० संच होतात. त्यात ट्रेल फक्त ५२, म्हणजे ४२५ डावांत एकदा. साधारण चारांतले तीन डाव नुसत्या मोठ्या पत्त्यावर जातात. हातात काही करण्यासारखं नसतंच. जे काही आहे ते पैसे वाढवण्यात आहे.

"खेळ निवडायची माझी एकच कसोटी आहे," मी म्हणालो. "त्यातले पैसे काढून घे आणि बघ, कुणी खेळायला बसतं का. बदाम सातला बसतात, मेंढीकोटला रात्रभर बसतात, घरच्या रमीलाही बसतात. तीनपत्तीला पाच मिनिटांत जांभया येतात."

भाचा बराच वेळ पत्ते पिसत राहिला. मग म्हणाला, "मग मी फोनवर खेळतो ती पैशाशिवाय मी एकदाही उघडली नसती."

आठ महिन्यांत एक्केचाळीस हजार गेले होते. धाकट्या बहिणीच्या निकाहसाठी तो दर महिन्याला आपाकडे पाठवायचा, ते पैसे. कंपनीत पगार अडकलाय, असं त्यानं आईला सांगितलं होतं. आणि 'नीट शिकायचंय' ते गेलेले पैसे परत जिंकण्यासाठी.

मला अब्बांची चूल आठवली. अब्बांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. जुगाराबद्दल कुरआनचा हुकूम स्पष्ट आहे. सूरह माइदामध्ये शराब आणि मैसिर यांची नावं एकत्र येतात. पण त्या काळच्या अरबांचा मैसिर म्हणजे बाण काढून उंटाच्या मांसाचे वाटे ठरवणं. त्यात पत्ते नव्हतेच. पैसे न लावता पत्ते खेळण्याबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत. ज्यांना ते नको वाटतं त्यांचा मी आदर करतो. आणि पत्ते काही परके नाहीत. बाबरानं आपल्या आठवणींत गंजिफा भेट पाठवल्याची नोंद केली आहे, आणि आपल्या सावंतवाडीत १२० पानांची दशावतारी गंजिफा रंगवली जाते. हुकूम, गुलाम, बदाम हे शब्दही अरबी-फारसीतूनच मराठीत आले.

आम्ही घरात कॅट येऊ दिला नाही, पण जुगार म्हणजे काय हे मुलांना कधी समजावलं नाही. त्यामुळे जुगार फोनमधून आला तेव्हा कुणाला दिसलाच नाही. आम्ही पत्ते शोधत होतो.

त्या रात्री इशानंतर त्यानं आपाला सगळं सांगितलं. मी फक्त शेजारी बसलो. आपा दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. जुलैत त्यानं एकदा पुन्हा ते उघडलं आणि रडत मला फोन केला. ऑगस्टमध्ये संसदेनं पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत की नशिबाचे, बंद करणारा कायदा केला. तेव्हा त्यानं पाठवलेला मेसेज एवढाच होता: "मामू, बरं झालं." तो आता दर महिन्याला चार हजार आपाला परत देतो.

दिवाळीच्या सुट्टीत तो आला तेव्हा आम्ही मेंढीकोट मांडला. चौथं माणूस कमी होतं. आपा भाजी निवडत होती. थोड्या वेळानं हात पुसून आली आणि भाच्यासमोर बसली, त्याची जोडीदार म्हणून. "हुकूम कोण ठरवतं रे?" तिनं विचारलं. अजान झाली की डाव मोडायचा, या अटीवर.

तुमच्या घरातलं कुणी 'पत्ते शिकायचेत' असं म्हणालं, तर कॅट लपवू नका. आधी शांतपणे विचारा, का शिकायचेत. मग बदाम सातनं सुरुवात करा.