थरथर नेमकी कुणाची?

जुना मराठी चित्रपट आज बारामतीच्या जळोचीत घरबसल्या मोबाइलवर पाहता येतो. पडदा थरथरला, उभे चरे दिसले, की हे सगळं एकदाचं साफ करून टाकावं असं वाटतं, आणि तसं करणारी सॉफ्टवेअर आता उपलब्ध आहेत. तरीही दुरुस्त केलेल्या प्रती पाहताना माझं मत पक्कं होत गेलं : काळानं आणि वापरानं जे बिघडवलं तेवढंच दुरुस्त करावं, चित्रपट करणाऱ्यानं जे केलं त्याला हात लावू नये. दगडी देवळाला ऑइलपेंट फासून त्याला जीर्णोद्धार म्हणणं जसं चूक, तसंच त्याच्या कामाला हात लावणंही.

हा फरक ओळखता येतो का, असा आक्षेप निघेल. बऱ्याचदा ओळखता येतो. जत्रेतल्या तंबूत एकच प्रत गावोगाव चालायची. प्रोजेक्टरच्या दातऱ्यांनी फिल्मच्या कडेची छिद्रं फाटायची. शिवाय अ‍ॅसिटेटची फिल्म वर्षं सरतील तशी आकसते, तिला व्हिनेगरसारखा वास येऊ लागतो. अशी फिल्म स्कॅन करताना चित्र हलतं. पण छिद्रांसकट, चौकटीच्या (फ्रेमच्या) कडांसकट पूर्ण रुंदीचं स्कॅन केलेलं असेल, तर पुरावा हाती राहतो. चौकटीची कड आणि चित्र दोन्ही एकत्र हलत असतील, तर दोष फिल्मच्या सरकण्यात किंवा प्रत काढण्यात आहे. तो जरूर काढावा. कड स्थिर आणि आतलं दृश्यच हलत असेल, तर कॅमेराच हलला होता. ती थरथर त्या दिवसाच्या चित्रीकरणाची आहे, ती तशीच राहू द्यावी. कडा कापून स्कॅन करणारा हा पुरावाच फेकून देतो.

डागांचंही तसंच. एखादा ठिपका एकाच चौकटीत आहे, आधीच्या-नंतरच्या चौकटीत नाही, म्हणजे ती धूळ, असं सॉफ्टवेअर धरतं आणि शेजारच्या चौकटींतून ती जागा भरतं. बहुतेक वेळा ते बरोबरच असतं. पण पावसाचा थेंब, ठिणगी, उधळलेला बुक्का हेही क्षणभरच दिसतात. उभा चरा तर चौकटीमागून चौकटी एकाच जागी राहतो, म्हणून तिथं शेजारची चौकट कामाला येत नाही, अंदाजच करावा लागतो. दादासाहेब फाळक्यांच्या काळी कॅमेरा थांबवून, मधे बदल करून पुन्हा सुरू करणं हीच चमत्काराची युक्ती होती. तिथला धक्का दोष समजून गुळगुळीत केला, तर फाळक्यांचं कसबच पुसलं जाईल.

नव्या प्रेक्षकाला असलं जुनाट चित्र कसं आवडेल, असं कुणी विचारेल. त्याच्यासाठी स्वच्छ प्रत जरूर काढावी; फक्त मूळ स्कॅन वेगळं, हात न लावता जपावं, आणि कुठं काय बदललं याची नोंद ठेवावी. त्यासाठी जागा आणि पैसा लागतो, हे खरं. पण पुण्यात 1964 साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं राहिलं, तरी 2003 च्या जानेवारीतल्या आगीत तिथली नायट्रेटची कितीतरी जुनी रिळं जळाली. रीळ गेलं की स्कॅन हाच एकमेव साक्षीदार उरतो, आणि साक्षीदाराच्या तोंडी आपले शब्द घालायचे नसतात. म्हणून, बारामती-इंदापूरच्या एखाद्या घरात किंवा जुन्या टुरिंग टॉकीजवाल्याकडे रीळ पडून असेल, तर ते स्कॅनला देताना छिद्रांसकट पूर्ण रुंदीचं स्कॅन मागा, आणि दुरुस्तीआधीची फाइल आधी ताब्यात घ्या.