मायापुरी : मोटारींची मोड

दिल्लीस येणारा मराठी प्रवासी लाल किल्ला पाहतो, कुतुबमिनार पाहतो आणि करोलबागेत खरेदी करून परततो. मायापुरीची वाट सहसा कोणी धरत नाही. ती अवघड मात्र नाही. मेट्रोच्या गुलाबी मार्गावर दुर्गाबाई देशमुखांचे नाव दिलेले एक स्थानक आहे. या दुर्गाबाई म्हणजे आपल्या चिंतामणराव देशमुखांच्या पत्नी आणि केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्षा. तेथून तिसरे स्थानक मायापुरी. पुराणांत हरिद्वारास मायापुरी म्हटले आहे. दिल्लीच्या मायापुरीत मुक्ती मिळते ती मोटारींना.

पूर्वी हा बाजार पहाडगंजजवळच्या मोतियाखानात होता. १९७० च्या दशकात तो पश्चिम दिल्लीतील या औद्योगिक वसाहतीत हलविण्यात आला. दिल्लीकर त्याला कबाडी बाजार म्हणतात. आपण भंगार म्हणू. पण येथील व्यवहाराला ‘मोड’ हा आपला घरगुती शब्द अधिक शोभतो. फुटकी पितळी कळशी मोडीत देऊन गृहिणी नवे पातेले घेई, तेव्हा तांबट धातूचे वजन पाही, कळशीचे रूप नव्हे. तोच हिशेब येथे अख्ख्या मोटारीस लागू आहे.

मोटार सोडविण्याचा क्रम ठरलेला असतो. प्रथम टाकीतील इंधन आणि यंत्रातील तेल काढून घ्यावयाचे, मग बॅटरी. ठिणग्यांपाशी या वस्तू ठेवून चालत नाही. नंतर दिवे, काचा, आसने, दारे. ही अंगे शाबूत असली तर भट्टीत जात नाहीत. त्याच बनावटीची मोटार रस्त्यावर धावते आहे तोवर त्यांना गिऱ्हाईक असते. मग साखळीच्या कप्पीने इंजिन उचलले जाते आणि अखेर उरलेला सांगाडा गॅसच्या ज्योतीने कापला जातो. मोटारीच्या वजनाचा सुमारे दोनतृतीयांश भाग लोखंड-पोलादाचा असतो. पण कारागिराची नजर असते ती उरलेल्या भागावर. डायनामो आणि स्टार्टर यांच्या वेटोळ्यांत तांबे, गिअरपेटीच्या कवचात ॲल्युमिनियम, बॅटरीत तिच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक शिसे. सर्वांत मोलाची वस्तू मात्र धुराच्या नळीत दडलेली असते. तिला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणतात. पोलादी डब्यात मधाच्या पोळ्यासारखी जाळी आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम यांचा लेप. हे धातू सारे मिळून काही ग्रॅमच भरतात. परंतु तेवढ्यासाठी हा डबा निराळ्या भावाने विकला जातो.

ही विद्या पुस्तकातून येत नाही. हातोडीच्या ठोक्याचा नाद ऐकून बीड कोणते आणि पोलाद कोणते हे जाणता माणूस सांगतो. चुंबक लावून पाहतो. कानशीने ओरखडा काढून आतील रंग पारखतो. डोळा, कान आणि हात एवढीच त्याची प्रयोगशाळा.

या तिन्हींना न कळणारी वस्तू २०१० साली बाजारात आली. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात १९८५ पासून पडून असलेले एक उपकरण त्या वर्षी फेब्रुवारीत लिलावात विकले गेले आणि मायापुरीस पोहोचले. त्यास शिशाचे जाड आवरण होते. शिशाला भाव आहे हे येथे कोणास ठाऊक नाही? आवरण सोलले गेले. आत कोबाल्ट-६० होते. त्याच्या किरणांना रंग नाही, वास नाही, नाद नाही. त्याचा एक तुकडा तर एकाने पैशांच्या पाकिटात ठेवला. कोणाची त्वचा काळवंडली, कोणाचे केस गळाले, तेव्हा डॉक्टरांना शंका आली. एप्रिलमध्ये एका कामगाराचा मृत्यू झाला. इतरांना दीर्घ उपचार घ्यावे लागले. आंतरराष्ट्रीय श्रेणीत ही दुर्घटना चौथ्या पातळीची ठरली. रक्षणासाठी जे शिसे घातले होते, तेच सोलणाऱ्याला मोलाचे वाटले. पण दोष त्याच्या पारखेचा म्हणता येणार नाही. वस्तू पाठविणाऱ्यांनी तिची ओळख तिच्याबरोबर पाठविली नव्हती.

मोटारीत कोबाल्ट-६० नसते. तथापि बॅटरीचे आम्ल, शिशाची धूळ आणि जमिनीत मुरणारे तेल यांचा उपद्रव सावकाश का होईना, होतोच. राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशावरून एप्रिल २०१९ मध्ये येथील कारखान्यांना टाळी ठोकण्यास पथके आली, तेव्हा दगडफेक झाली आणि लाठ्याही चालल्या. पोटाचा प्रश्न आणि श्वासाचा प्रश्न एकाच गल्लीत समोरासमोर उभे राहिले होते.

दरम्यान मोडीत जाणाऱ्या मोटारी वाढणार हे दिसू लागले होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिल्ली परिसरात १० वर्षांवरील डिझेल व १५ वर्षांवरील पेट्रोल वाहनांना मनाई केली. २०२५ मध्ये त्यात काही सवलत दिली. २०२१ साली केंद्र सरकारने वाहने मोडीत काढणाऱ्या केंद्रांच्या नोंदणीचे नियम केले. त्याच वर्षी नोव्हेंबरात नोएडा येथे मारुती सुझुकी आणि टोयोटा त्सुशो यांचे संयुक्त केंद्र सुरू झाले. त्याची क्षमता वर्षाला २४,००० वाहनांची सांगण्यात आली होती. अशा केंद्रात तेल, वायू आणि आम्ल आधी निराळे काढावे लागते, आणि मालकास वाहन जमा केल्याचे प्रमाणपत्र मिळते. वाचकांपैकी कोणी घरची जुनी मोटार निकालात काढणार असेल, तर हे प्रमाणपत्र घ्यावे आणि परिवहन कार्यालयातील नोंदणी रद्द करून घ्यावी. मोटार गेली, पण कागदोपत्री ती आपल्याच नावावर राहिली, तर तिच्या क्रमांकावर पुढे कोण काय करील याचा भरवसा नसतो.

नव्या केंद्रांत यंत्रे उत्तम असतील. परंतु ठोक्यावरून बीड ओळखणारा माणूस तेथे कामास लागला, तर त्याला हातमोजे, वेतन आणि वैद्यकीय तपासणी मिळेल, आणि केंद्राला त्याचे कसब. या जोडणीकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही.