आधी सांगावं लागतं

विद्यानगरच्या घरी बाबांनी आजीच्या पाककृती टाइप करून एका एचटीएमएल पानावर ठेवल्या होत्या. आजी गेल्यावर प्रत्येक कृतीच्या नोडमध्ये तिचं नाव घालावं म्हणून मी पीएचपीत चार ओळी लिहिल्या. फाइल सेव्ह करून उघडली, तर पुरणपोळीच्या जागी नुसती अगम्य चिन्हं! काळजात चर्र झालं. नशीब, मूळ प्रत बाबांच्या पेन ड्राइव्हवर होती.

एन्कोडिंग सांगितलं नाही, तर पीएचपीचं जुनं डॉमडॉक्युमेंट मजकूर आयएसओ-८८५९-१ धरून वाचतं. त्यात अक्षराला एकच बाइट. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३. वर यूटीएफ-८ चा मेटा टॅग घातला आणि पुरणपोळी परत आली.

"अगं, मराठी आहे हे त्याला आधी सांगायचं!" बाबा हसले.

माझी लेक मराठीत विचारलं तरी हिंदीत उत्तर देते. आता दर रविवारी तिच्याकडून एक कृती मोठ्यानं वाचून घेते.