चौदा की चोवीस?

अम्मीला रात्रीच्या जेवणाआधी चौदा युनिट इन्सुलिन द्यायचं काम माझं. मागच्या हिवाळ्यात एका संध्याकाळी, मगरिबनंतर, मी सिरिंज भरली, बुडबुडा काढला आणि सुई टोचणार इतक्यात अम्मी म्हणाली, "बेटा, आज औषध जास्त दिसतंय." दिव्याखाली नेऊन पाहिलं. चौदाच्या जागी चोवीस! मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या अम्मीला दिसलं ते मला दिसलं नव्हतं. त्या रात्री झोप लागली नाही.

कॉलेजपासून माझा नंबर मायनस तीन. वीस वर्षं कॉन्टॅक्ट लेन्स वापरते. पंचेचाळिशी ओलांडल्यावर जवळचं पुसट होऊ लागलं, मोबाइल लांब धरून वाचू लागले, पण कुणाला सांगितलं नाही. लेन्स लावायची आणि वर चाळिशी घालायची, मग लेन्सचा उपयोग काय, असा माझा हट्ट. खरं म्हणजे वय कबूल करायचं नव्हतं.

डोळे तपासणाऱ्या मुलीने आधी नंबर काढलाच नाही. विचारलं, "मॅडम, दिवसभर काय काय बघता?" फळा, शेवटच्या बाकावरची मुलं, वह्या, स्कूटी, स्वयंपाक. आणि सिरिंज. ते सांगताना माझा आवाज बदलला असावा, कारण तिने पेन खाली ठेवलं.

तिने दोन वाटा सांगितल्या. एक, एका डोळ्याला लांबची आणि दुसऱ्याला जवळची लेन्स. ती घालून पाहिली, पण स्कूटीवर समोरचा रिक्षावाला किती लांब आहे याचा अंदाजच येईना. दुसरी मल्टिफोकल. माझी समजूत होती की चष्म्यासारखं खाली बघितलं की जवळचं दिसेल. तसं नसतं. या लेन्समध्ये जवळचा आणि लांबचा नंबर गोल गोल वर्तुळांत असतो. दोन्ही चित्रं डोळ्यात एकदमच जातात आणि हवं ते मेंदू निवडतो. ते शिकायला त्याला वेळ लागतो. पहिला आठवडा अक्षरांना सावली दिसायची, परत करावी असंही वाटलं. दुसऱ्या आठवड्यात फळा आणि वही दोन्ही जमलं. मंद उजेडात बारीक रेघा मात्र अजून फिक्याच दिसतात. हे तिने आधीच सांगितलं होतं, म्हणून मी तिला मानते.

मैत्रिणी विचारतात, लेन्स घालून वुजू होतो का? वुजूत चेहरा धुवायचा असतो, डोळ्याचा आतला भाग नव्हे. पण नळाचं पाणी लेन्सला लागू देऊ नका, डबीही त्याने धुऊ नका. त्यातले जंतू बुबुळाचं कायमचं नुकसान करू शकतात. वुजू करताना मी डोळे घट्ट मिटते.

आणि सिरिंज? त्याचं उत्तर माझ्या जुन्या नंबरातच होतं. मायनस तीनच्या उघड्या डोळ्यांना फूटभरावरचं स्वच्छ दिसतं, चाळिशीशिवाय. म्हणून शाळेतून आले की साबणाने हात धुऊन, कोरडे करून लेन्स काढते आणि जुना चष्मा लावते. इंजेक्शनच्या वेळी चष्मा कपाळावर सरकवून सिरिंज डोळ्यांजवळ धरते. चौदा. तरी ती अम्मीपुढे करते. अम्मी निरखून बघते, मान हलवते आणि मगच बाही वर करते.